पॉवर सप्लायवर कंजुषी नको

दोरलिग म्हणतो, आधी डबा नाही, कार्डही नाही,
आधी हे सांग, रात्री तुमच्याकडे
वीज किती उरते?

एकशे सत्तर, मी सांगते. कधी त्याहून कमी.
टेकडीवरच्या सगळ्या घरांत हीटर लागले
की आमचा बल्ब विडीसारखा लाल होतो.
तो मान हलवतो. साडेसातशे वॅट, चांगल्यातला.
घोडा घेताना दात बघतात ना,
मग इथे कंजुषी नको.
काचेचा, दिव्यांचा तो बडा डबा
त्याने कोपरानेच बाजूला सारला. पोकळ वासा.

उलानबातर, उणे एकतीस.
दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फ,
काउंटरखाली जुन्या पंख्यांची पोती, कांदेबटाटे ठेवावेत तशी.
मी दातांनी हातमोजा ओढते, यादी उलगडते.
यादीत अक्षरं दोन: माझं तिरपं,
तेलमेनचं खिळे ठोकल्यासारखं.

तो चौदा दिवस खाणीवर डंपर चालवतो, चौदा दिवस घरी.
घरी आला की त्याला हवं
न अडखळणारं रणांगण,
सेकंदाला एकशे चव्वेचाळीस फ्रेम.
मला हवी मेमरी. चौसष्ट.
माझ्या घोडीच्या आयाळीत नव्वद हजार केस आहेत
आणि प्रत्येकाला वारा वेगळा लागतो.
जुन्या मशीनवर ती एक उडी घ्यायला
अकरा तास लावायची,
आणि अकराव्या तासाला वीज जायची.

कार्डाखाली त्याने दोन रेघा मारल्यात.
खाली बारीक अक्षरात: रंगीत दिवे? (जमलं तर)
ते मी घरीच खोडलं होतं.

दोरलिग ड्रॉवरमधून एक मेलेलं कार्ड काढतो.
उघडतो.
पात्यांमधे काजळी, दाबून बसवलेली, काळ्या नमद्यासारखी.
हे सव्वा वर्षाचं, म्हणतो, तुमच्याच टेकडीवरचं.
जाळ्या घे. पुढे एक, खाली एक, दर रविवारी धू.
सगळे हाच धूर खातात.

मी ते कार्ड उजेडासमोर धरते.
का धरलं कोण जाणे.
गेल्या जानेवारीत डॉक्टरने
आईचा एक्स-रे असाच धरला होता.

हवा साफ करायचं मशीन ठेवता का तुम्ही?
नाही, म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारी.
आणि किंमत सांगतो, स्वतःची असल्यासारखी हळू.

मी तेलमेनला फोन लावते.
मागे डंपरची घरघर, कुणीतरी शिव्या देतंय.
कार्ड एक नंबर खाली घेऊ का, विचारते.
का?
सांगते.
बराच वेळ नुसती घरघर.
किती फ्रेम पडतील?
नव्वद. फार तर पंच्याण्णव.
तू तुझी मेमरी कापलीस?
अर्धी. दोन जागा मोकळ्या ठेवते, पुढे भरू.
हं, म्हणतो. मग,
दिवे ठेव पण.

दोरलिग हसत नाही.
दिव्यांनी वेग वाढत नाही, म्हणतो,
पण चौदा दिवस राखाडी बघणाऱ्याला
मी काय सांगणार.
एक पट्टी फुकट देतो. निळी होते, जांभळी होते,
हिरवी होताना जरा चाचरते.

बसमधे मदरबोर्ड मांडीवर,
डेलच्या आत, पोटाशी. थंडीत बाहेर काढू नकोस,
घरी नेल्यावरही दोन तास खोका उघडू नकोस,
घाम सुटतो त्याला. हे त्याने तीनदा सांगितलं.
हवेचं मशीन पायांत, ओळखीचं नसलेल्या पाहुण्यासारखं.

रात्री दीडला पहिल्यांदा पंखे फिरले.
आईने चुलीपाशी नवं मशीन लावून घेतलं,
त्याच्याकडे बघितलंही नाही.
डब्याच्या पाठीला मात्र हात लावून बघितला.
हा तापतो का गं?
काम असलं की तापतो.

घोडी उडी घेत होती, चाळीस मिनिटं दाखवत होतं.
आईने लोकरीचे मोजे
झरोक्यावर वाळत टाकले.
मी बाजूला सरकवले.
तिने परत ठेवले.