डोळे मिटा, डोळे उघडा

नांदेड, डॉक्टर लेन, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
दारावर माझ्याच अक्षरातली पाटी:
डोक्याला तेल लावून येऊ नये.
तरी सगळे लावूनच येतात.
डोकं दुसऱ्याच्या हाती द्यायचं म्हटल्यावर
कोरडं कसं द्यायचं?

मी टेप धरते. नाकाच्या मुळापासून
कवटीमागच्या उंचवट्यापर्यंत,
मग या कानापासून त्या कानापर्यंत.
शिंप्याची मुलगी मी, एवढं शिकवावं लागलं नाही.
लाल पेन्सिलीच्या एकवीस खुणा, एकवीस वायरी,
पांढरा चिकट लगदा.

मुखेडचे नागोराव फेट्याची घडी पोटाशी धरून विचारतात,
"बाई, मी काय इचार करूलालोय
समदं दिसूलालंय का ह्याच्यात?"
नाही हो, काहीच नाही.
"मंग बरंय," म्हणतात,
आणि तेव्हा कुठे जबडा सैल सोडतात.
रेषा लगेच स्वच्छ येतात.

बावीस वर्षं मी हेच सांगत आलेय
आणि ते खरं आहे.

किनवटकडच्या तांड्यावरचा रोहिदास, वय नऊ.
त्याला जागवून आणायचं होतं,
तर बाप रात्रभर स्टेशनात फिरला त्याला घेऊन,
येईल त्या गाडीचे डबे मोजायला लावले.
मी हातात कागदी भिरभिरं दिलं. फूक, थांबू नकोस.
दुसऱ्या मिनिटाला भिरभिरं थांबलं.
डोळे उघडे. पापणी तेवढी फडफडत होती.
पडद्यावर सुळक्यांची रांग उभी राहिली,
सेकंदाला तीन, सेकंदाला तीन,
अकरा सेकंद.
मग त्यानं पुन्हा फुंकर घातली.

कुठे गेला होतास रे?
"कुठंच नाही. फुकतच होतो की."
बाप म्हणाला, "हितंच तर होता, माझ्यासमोर."
दोघांचंही खोटं नव्हतं.
ते अकरा सेकंद माझ्याकडे आहेत, फाईलला लावलेले.
त्याच्याकडे नाहीत.
हरवलेल्या वस्तूसारखे परतही करता येत नाहीत,
कारण त्याचं काही हरवलेलंच नाही.

चहाच्या वेळी डॉक्टर तोष्णीवाल मासिक वाचून दाखवतात.
कुठली पेशी केव्हा पेटते, कोण कोणाला निरोप देतं,
सगळं हळूहळू कळत चाललंय म्हणे.
एवढंच कळत नाही, की या सगळ्यात
कुणाला तरी काहीतरी वाटतं, ते का वाटतं.
"म्हणजे खातेवही पै न पै जुळली," ते म्हणाले,
"फक्त दुकानाचा मालक सापडंना."
त्यांच्या वडिलांचं मोंढ्यात आडतीचं दुकान होतं.
हसले, मग बराच वेळ बिस्किट बुडवत राहिले
ते तुटून कपात पडेपर्यंत.

एका रविवारी मी स्वतःच्या डोक्याला वायरी लावल्या.
डोळे मिटले की मागच्या बाजूला एक लाट येते,
सेकंदाला नऊ, दहा, संथ, एकसारखी.
हजारो लोकांची पाहिली, माझी कधी नाही.
मिटले. आली असणार.
बघायला उघडले, आणि सपाट.
पुन्हा मिटले. पुन्हा उघडले.
चोरून अर्धवट पापणीतूनही बघितलं.
तिला बरोबर कळायचं.

शेवटी फरशी पुसणाऱ्या अय्यूबभाईंना हाक मारली,
म्हटलं, मी मिटते, तुम्ही बघा.
ते काठीला रेलून उभे राहिले असावेत,
फडक्यातून पाणी टपकत होतं.
आली का?
"आली."
कशी आहे?
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"गोदावरीत सकाळी सकाळी, बाई,
कुणी उतरायच्या आधी..."
पुढे काय म्हणणार होते कोण जाणे,
मी डोळे उघडले.
"गेली," ते म्हणाले.

छापून घेता आलं असतं. घेतलं नाही.
कागदावरची ती मघाचीच असती.

सोमवारी केसात अजून लगदा होता, वाळून खडा झालेला.
तो नखानं काढत काढत
पहिल्या पेशंटला म्हटलं,
या. तेल लावलंय ना? असू द्या.
आडवे व्हा. डोळे मिटा.