अ‍ॅडम वॉकर, वॉकर

लिहायचं स्लेथवेट आणि म्हणायचं स्लॉइट,
हे जिभेला पटायला महिना गेला.
इथे अक्षरं झिजतात कालव्याच्या पायऱ्यांसारखी,
कुणी दुरुस्त करत नाही.

मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत
मी जुन्या नोंदी दाखवते.
येतात बहुतेक म्हातारे. त्यांना पूर्वज हवे असतात,
शक्यतो तलवारवाले.

विल्फ्रेड वॉकर आले ते चिखलाचे बूट दाराबाहेर काढून,
नुसत्या मोज्यांवर.
ब्याऐंशी वर्षांचे. अजून रोज सहा मैल माळ तुडवतात.
म्हणाले, चालणं आमच्या रक्तातच आहे,
आडनावच सांगतं की. कुणीतरी यात्रेकरू असणार,
नाहीतर राजाचा निरोप्या.

मी यादी काढली, तेराशे एकोणऐंशीच्या
करवसुलीची, छापील प्रत.
दोघांची बोटं खाली खाली सरकत गेली.
अ‍ॅडम वॉकर, वॉकर. सहा पेन्स.

दोनदा का लिहिलंय?
एक नाव आहे, मी म्हटलं. आणि एक काम.

मग सांगावंच लागलं.
मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत असतं, तेलकट.
ते हौदात टाकायचं, वरून ओतायचं
घरोघरून गोळा केलेलं शिळं मूत
(हो, माणसांचंच)
आणि आत उतरून तुडवायचं,
दिवसभर, जागच्या जागी.
मग कापड आटतं, दाट होतं, वाऱ्याला दाद देत नाही.
असा चालणारा तो वॉकर.
दक्षिणेत त्यालाच फुलर म्हणत, तिकडे डेव्हनात टकर.
नदीवर पाणहातोडे आले होते म्हणे तोवर काही गावांत.
अ‍ॅडमचे पाय सुटले की नाही,
यादीत नाही.

पुढच्या कागदांत जॉन वॉकर, खाटीक.
मग एक वॉकर घड्याळजी.
वास उडाला, नाव राहिलं.

विल्फ्रेड गप्प. मग खांदे हलायला लागले,
मग डोळे पुसत, मूत! म्हणाले,
आणि मी पन्नास वर्षं बायकोला निरोप्या सांगतोय.

निघता निघता माझ्या बिल्ल्याकडे बघून:
परीट. याचा काय अर्थ?

आमच्याकडे आडनाव विचारतात
ते अर्थासाठी नाही.
खुर्ची द्यायची की ओटा, ते ठरवायला.
वडील तीस वर्षं बँकेत, हेड कॅशिअर,
आयुष्यात दुसऱ्याचा रुमाल धुतला नाही,
तरी पार्टीत कुणीतरी म्हणायचंच,
साहेब, चार शर्ट टाकून जाऊ का?
आणि वडील हसायचे.
ते हसू मला अजून कुठल्याच नोंदवहीत
कसं लिहायचं कळत नाही.

कपडे धुणारे, मी म्हटलं.
अरे, मग हौदातलेच की आपण, म्हणाले,
आणि हात पुढे केला.
त्यांना सोपं होतं. तरी
मी हात घेतला.

ते गेल्यावर लाकडी जमिनीवर
ओल्या मोज्यांचे ठसे होते,
टेबलापर्यंत आणि परत.
मी फडकं आणलं.
मग ते हातात धरून उभी राहिले,
ठसे आपापले वाळेपर्यंत.