नावापुरती

पहाटे साडेचारला सेबू नदीवरचं धुकं
बसच्या काचांवरून उतरतं, आणि त्याच्यामागून बायका.
केनित्राच्या कारखान्यात त्या मोटारींच्या वायरी गुंफतात;
मी, बूश्ता, जाळीच्या खोलीत बसून
त्यांना मोबाइल वाटतो.
साठ मोबाइल, साठ खोबण्या, साठ हिरवे दिवे.
पाळी सुटल्यावर मोजावेत तर एकोणसाठ,
साठावा कुणाच्या तरी एप्रनच्या खिशात
पुदिन्याच्या काड्यांशेजारी.

कुणाचेच नसतात हे मोबाइल.
यांत गाणं नाही, लेकराचा फोटो नाही,
कॅमेरा मी बंद केलाय, इंटरनेटची दारं लिंपलीत.
उरलाय एकच चौकोन : स्कॅन करा.
कुणाचेच नसतात, तरी
सत्तावीस नंबर इत्तोलाच हवा असतो,
कोपऱ्यात तडा गेलेला, मागे मेंदीचा डाग.
म्हणते, याला माझ्या अंगठ्याची सवय आहे.
मी म्हणतो, सवयीचं सोड, आकडा कुणाचा टाकतेस?
ती हसते.

का हसते ते मला ठाऊक होतं, हे आधीच कबूल करतो.
हातमोजा काढा, सहा आकडे दाबा, चुकले तर पुन्हा दाबा,
तोवर पट्टा तीन वायरी पुढे जातो
आणि सुपरवायझर एक पाऊल जवळ येतो.
म्हणून साऱ्या रांगेचा आकडा एकच :
हनियाचा.
सकाळी तिनं एकदा दाबायचा,
मग दिवसभर कुणीही हनिया.

मग हनिया गेली.
जहाजानं, पलीकडे, उएल्वाच्या स्ट्रॉबेरीत,
तीन महिन्यांच्या करारावर. परतली नाही.
जाताना मला मसेमेनच्या दोन घड्या दिल्या, तेलकट कागदात,
आणि रांगेला आकडा.

माणूस नावापुरतं उरतं म्हणतात.
इथे नावच उरलं, आणि राबलं.
पहिल्या पाळीला आलं, दुसरीला आलं, तिसरीला.
इफ्तारला थांबलं नाही, ईदला रजा घेतली नाही,
एकदाही खोकलं नाही.
फेब्रुवारीत तर महिन्याचा उत्तम कामगार म्हणून
दारावर झळकलं असतं;
फोटो सापडेना, म्हणून वाचलो.

एप्रिलात फ्रान्सहून एक जुडगा परत आला.
एअरबॅगची तार भलत्याच खाचेत.
कुठला मोबाइल? सत्तावीस.
कोण होतं? हनिया झेरूकी.
कासाब्लांकाहून आलेल्या ऑडिटवाल्या बाईनं
पडद्यावर बोट ठेवून विचारलं :
ही झोपते कधी?

रांगेत कुणी मान वर केली नाही.
इत्तोनं केली. म्हणाली, मी असेन. नाहीतर रक्किया. नाहीतर फद्मा.
आमचं आम्हालाच कळत नाही हो,
सगळ्या एकाच बाईच्या हातांनी काम करत होतो.
बाईनं ते लिहून घेतलं.
असं वाक्य मावेल असा रकाना तिच्या फॉर्मात नव्हता,
समासात लिहिलं.

आता प्रत्येकीच्या गळ्यात आपापलं कार्ड.
टेकवलं की मोबाइल ओळखतो,
पाठ फिरवली की कुलूप,
पाळी संपली की सगळं विसरतो.
चांगलं आहे. मीच बसवलंय.
एअरबॅगपुढे कुणाचीही माया मोठी नाही.
फक्त पूर्वी मंद हात हनियात लपायचे;
आता फद्माचे सांधे किती दुखतात
ते दर मिनिटाला आलेखात दिसतं,
आणि तो आलेख मी रोज वर पाठवतो.

शेवटी तिचं नाव खोडायचं राहिलं होतं.
पडद्यानं विचारलं, खात्री आहे?
मी उएल्वाला फोन लावला.
म्हटलं, हनिया, तुला कायमची काढतोय.
तिकडून ट्रॅक्टरचा आवाज, मग तिचा :
चौदा महिने राबलं म्हणतोस, पगार किती झाला त्याचा?
मला उत्तर सुचेना.
मग हळूच विचारलं तिनं,
सत्तावीसचा तडा वाढला का रे?
नाही, म्हटलं.
वाढला होता.