मुद्देमाल

बागेच्या नकाशात ही शेड नाही.
नकाशात आहे कोरफडींची वाट,
सावलीतले बाक, चहाचं दुकान,
आणि सापांपासून जपा, अशी पाटी.

शेडच्या दाराला दोन कुलुपं.
एक बागेचं, एक पोलिसांचं.

सुझाना क्लुटे पहाटे तीनला निघालेली,
दुसऱ्याच्या टेम्पोत, लोकरीच्या पोत्यांना टेकून.
वूस्टर गाठेपर्यंत ऊन डोक्यावर.
तिकिटाच्या खिडकीतली मुलगी विचारते,
नुसती बाग बघायची, की गाइड हवा?
ती म्हणते, माझ्या मुलानं उपटलेली झाडं बघायची.
मुलगी फोन उचलते.

लुयोलो येतो. दोन्ही कुलुपं काढतो.
ती दाराशी चपला काढते.
गरज नाही, तो म्हणतो.
ती ऐकत नाही.

आत फळ्यांवर फळ्या,
बेकरीत असतात तसे ट्रे,
आणि ट्रेमध्ये, आधी वाटतं, खडे.
मग खड्याच्या डोक्यावर चीर दिसते,
बटणाच्या काजाएवढी.
वाटाण्याएवढी झाडं.
यातली काही माझ्या आजोबांहून मोठी, लुयोलो सांगतो.

प्रत्येक ट्रेला चिठ्ठी,
झाडाच्या नावाची नव्हे, गुन्ह्याची.
क्रमांक, ठाणं, तारीख, नग.
नग: दोन हजार तीनशे अकरा.

एका नगाचे एल्रिकोला किती मिळाले
ते कोर्टात मोठ्यानं वाचलं होतं.
तेवढ्यात पाव येतो,
दूध येत नाही.

ती वाकून बघते, हात पाठीशी बांधून,
काचसामानाच्या दुकानात बघावं तसं.
लुयोलो लॅटिन नाव सांगतो, न अडखळता.
आम्ही पायाची बोटं म्हणतो यांना, ती म्हणते,
तान्ह्या पोराच्या.
चिरडू नयेत म्हणून
टेकडीवर अनवाणी जायचो.

ही कुठल्या टेकडीवरची?

लुयोलो चिठ्ठी वाचतो.
गाडीचा नंबर आहे,
डिकीतली खोकी किती, ते आहे,
खोक्यांवर 'खेळणी' लिहिलं होतं, तेसुद्धा आहे.
टेकडी कुणी लिहून घेतली नाही.
आणि टेकडी कळल्याशिवाय परत लावता येत नाहीत.
भलत्या उतारावर लावली तर मरतात,
नाहीतर जगतात,
आणि ते आणखी वाईट.
हे बोलताना तो तिच्याकडे बघत नाही.

ती खिशातून चष्मा काढते.
एका काडीच्या जागी दोरा.
तिसरा ट्रे. पाचवा.
नवव्यापाशी थांबते.
मुळांना धरून राहिलेला गारगोटीचा कपचा,
पांढरा, कडेला चहा सांडल्यासारखा डाग.
ही आमच्या घरामागची.
पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाची.
असा डाग दुसरीकडे नाही कुठे.
एल्रिको दुकान-दुकान खेळायचा या खड्यांनी.
डागाचा खडा म्हणजे पाच रँड,
बिनडागाचा, एक.

लुयोलो पेन शोधतो.
टाकीचं नाव विचारतो. टाकीला नाव नाही.
उतार कुठल्या बाजूला?
ती हातानं दाखवते, समुद्राकडे.
सकाळी धुकं कुठवर चढतं, तेही दाखवते,
इथवर, कोपरापर्यंत.
कोपर कसं लिहायचं, तो थबकतो.
मग तिच्या हाताचं चित्रच काढतो.

थोडं पाणी घालू?
नको, तो म्हणतो. झोपलीत आत्ता, उन्हाळाभर.
माहीत आहे मला, ती म्हणते.
तुला माहीत आहे का, ते बघत होते.

दुपार त्यातच जाते.
दोन हजार तीनशे अकरांपैकी
एकशे चारांच्या मुळाशी डागाचा खडा निघतो.
बाकीच्यांकडे ती पुन्हा एकदा बघते,
शाळा सुटल्यावर
दुसऱ्यांच्या पोरांकडे बघतात तसं.

रविवारी एल्रिकोची भेट. काचेपलीकडून, वीस मिनिटं.
एकशे चार, ती पुटपुटते.
विसरायला नको.

चपला उन्हानं चटका बसेल इतक्या तापलेल्या.
हातात धरून ती टेम्पोपर्यंत जाते,
वाटेवरच्या खड्यांना
पाऊल जपून टाकत.