रुतलेले केस

जत्रेवरून पहाटे येतो तेव्हा
अर्धी द्रौपदी अजून मानेवर असते.
खोबरेल लावून मी सफेदा पुसते.
खाली लाल फोड,
एकेकात एक केस, बाहेर न येता
आतल्या आत वळलेला.

एकवीस वर्षं दिवसातून दोनदा दाढी, तीही उलटी.
हनुवटीवर सावली पडली
तर सीता म्हणून कोण बघणार?
केस तरी काय करतील,
दार रोज बंद. फिरले घरातच.

मी सुईनं काढायचे, बॅटरी दातात धरून,
पेडव्याचा काटा काढावा तशी.
एक निघाला की शेजारी दुसरा.
पू व्हायचा. त्यावर रात्री पुन्हा रंग.
"हात लावू नको," म्हणायचा
आणि हनुवटी पुढे करायचा.

मग कुडाळला, स्टँडमागे, मॅडमचा लेझर.
सहा खेपा. उन्हात फिरणं नाही. सुई, चिमटा बंद.
"परत फारसे उगवणार नाहीत बरं का, विचार करा."
त्यानं हिशोब केला:
एका खेपेला आठ प्रयोगांची बिदागी.
काळा चष्मा लावून पडला.
मी बाहेर बाकावर. दारातून
कोंबडी भाजल्याचा वास.

घरी सासरे म्हणाले, "मिशी पण गेली? कायमची?"
"होती कधी, बाबा?"
ते उठून माडांना पाणी लावायला गेले.
पाणी सकाळीच लावलेलं होतं.

चौथ्या खेपेनंतर सफेदा
एका हातात बसला.
त्या रात्री परुळ्यात बायका पदर तोंडाला लावून रडल्या.
माझी सुई बटणांच्या डब्यात परत गेली.
खरं सांगायचं तर
पहाटेला हात जरा रिकामे वाटायला लागले.

भादव्यात सासरे गेले.
दहाव्याचं त्यानं मला काही सांगितलं नाही,
दिरानं सांगितलं.
खाडीवर डोकं झालं, आणि न्हाव्यानं
वस्तरा ओठावर आणून थांबवला.
बापाला द्यायला तिथे काहीच नव्हतं.
भटजी दुसरीकडे बघत राहिले.
न्हाव्यानं तरी पाणी लावलं,
अंगठ्यानं चाचपत गेला,
डाव्या कोपऱ्यात एक सापडला, पांढरा.
पांढरा लेझरला दिसत नाही,
मॅडम म्हणाल्या होत्या.

तेवढ्यावरून वस्तरा
त्यानं दोनदा फिरवला.