दुसऱ्या धुण्याला

गेल्या जूनमध्ये आम्ही युटाच्या वाळवंटात
सात दिवस गाडी हाकली.
पाच उद्यानं, निहारच्या वहीत पाच शिक्के,
प्रत्येक कठड्यावर पाटी:
हा थर इतक्या कोटी वर्षांचा,
त्याखालचा त्याहून जुना.
मी दरीमागून दरीचे फोटो पाठवत राहिले.
डिचोलीहून बाबांचं उत्तर एकदाच आलं:
हें आमगेर आसा, बाय.

म्हणून या मेमध्ये ही भाड्याची गाडी,
काळ्या पाटीवर पिवळे आकडे.
अस्नोड्याला पोलिसानं अडवलं,
हर्षदला हिंदीत म्हणाला, बीच त्या बाजूला.
बाबा खाली उतरले, गळ्याशी गुंडी लावली,
पोलिसाला त्याच्याच आजोबांचं नाव सांगितलं,
घरामागच्या फणसाची खूण सांगितली.
तो कानाला हात लावून बाजूला झाला.

मागे आई. मांडीवर डबा,
पायाशी पिशवीत काजूची बोंडं,
त्यांचा आंबूस वास गाडीभर.
बाबा डावं-उजवं म्हणत नव्हते.
इथं पंक्चरवाला होता, म्हणाले.
इथं रात्री तीनला रांग लागायची,
इथं कायतानचा ट्रक उलटला,
त्याला काही झालं नाही, ट्रक गेला.
उतार लागला की त्यांचा उजवा पाय
पायपुसणीवर दाबत राहायचा,
ब्रेक नसलेल्या जागी.

फाटकाशी राखणदार.
आत जायला बंदी आहे, शाबा.
आम्ही नुसतं बघतो.
मग मी जेवून घेतो, तो म्हणाला,
आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

आणि मग
जमीन संपली.

पायऱ्या. एवढ्या मोठ्या पायऱ्या
की त्या उतरायला कुणाचे पाय हवेत कळेना.
बाबा त्यांना बेंच म्हणाले.
बसायचा? निहारनं विचारलं.
तळाशी पाणी, सोड्याच्या बाटलीसारखं हिरवं.
एक घार फिरत होती,
आमच्या खाली.

आजोबा, हे किती कोटी वर्षांचं?
मी लागलो तेव्हा इथं डोंगर होता.
कुठे गेला?
सारमानसला. बार्जमधून बंदरात, मोठ्या बोटीवर.
मग?
पुढचं आम्हाला कोण सांगतो.
थोडं थांबून त्यांनी विचारलं,
तुमच्या तिथं कुणी खणलं?
नदीनं.
किती दिवस लागले?
निहारनं सांगितला तो आकडा
बाबांनी ओठ हलवत मनात मोजला.
मग आम्ही लवकर केलं, म्हणाले.

बावीस वर्षांत आई इथं कधी आली नव्हती.
तिनं डबा दगडावर ठेवला,
पदरानं कपाळ पुसलं,
आणि बोट समोरच्या भिंतीवर धरलं.
तो पिवळट, तो बाय सातवीत होती तेव्हाचा.
लिंबानं जायचा.
त्याखालचा विटकरी, रात्रभर भिजत घातला की सुटायचा,
नुसता आवाजच मोठा.
आणि तो, पाण्याच्या वरचा, जांभळा काळपट...
तिचं बोट तिथं राहिलं.
तो कधी निघाला नाही.
दोन शर्ट मी चुलीत घातले.

जाळलेस? बाबा वळले.
मी वर्षभर शोधत होतो.
एकाच्या खिशात वीस रुपये होते.

ते मी काढून घेतले, आई म्हणाली,
आणि डबा उघडला.

निहारनं वही काढून विचारलं,
शिक्का कुठे मारतात?
राखणदार अजून जेवत होता.

संध्याकाळी गाडी परत केली तेव्हा
एजन्सीचा पोरगा मागच्या सीटवर वाकला,
लाल हाताचे ठसे पाहिले,
साफ करायचे पाचशे वेगळे, म्हणाला.
हर्षद पाकीट काढत होता.
आई पुढे झाली, नखानं खरवडलं,
उजेडाकडे धरून पाहिलं.

हा वरचा आहे रे, पुता.
लिंबू घे, मीठ घे, उन्हात ठेव.
दुसऱ्या धुण्याला जातो.