उभे सोळा, आडवे एकोणीस

मी त्सोई. रॅकेटचं गटिंग करतो,
अल्माटीत, स्टेडियमच्या जिन्याखालच्या खोलीत.
यंत्र, स्टूल, हीटर.
खेळाडू दारातूनच आकडा सांगून जातात.

वास्सा श्लिकोवा आली तेव्हा एकोणीसची होती.
हातात तीन रॅकेट, त्यातल्या दोन उसन्या.
"सव्वीस किलो."
म्हटलं, पोरी, एवढ्या ताणाने खांदा उखडेल.
"सव्वीस."

इझेव्स्कची. बाप बंदुकीच्या कारखान्यात नळ्या घासायचा
आणि रात्री नऊनंतर, हॉल फुकट मिळायचा म्हणून,
शाळेच्या लाकडी जमिनीवर तिला चेंडू टाकायचा.
तिथल्या संघटनेकडे तिच्यासारख्या चाळीस जणी.
आमच्याकडे पैसे, छत असलेलं नवं कोर्ट,
एक फिजिओ, आणि मुलींच्या संघात रिकामी जागा.
करार बारा पानांचा होता.
बाराव्या पानावर देश.

लोक म्हणाले, पोरीने गट बदलला.
गट तर मी रोज बदलतो,
दिवसाला वीस.
चौकट तीच राहते.

नवा पासपोर्ट मिळाला त्या दिवशी ती खाली आली, स्टूलावर बसली.
"तुमचा जन्म इथलाच?"
माझा, हो. आजोबांचा नाही.
त्यांना समुद्राकाठून मालगाडीत घातलं,
महिन्याने उश्तोबेच्या माळावर उतरवलं,
खिशात भाताचं बियाणं.
त्यांना बारा पानं कुणी दाखवली नाहीत.
ती काही बोलली नाही.
मी गाठ कशी मारतो ते बघत राहिली.

मग आकडे. दोनशे बारा. एकशे चाळीस. सत्तावन्न.
फलकावर तिच्या नावाशेजारी आमची तीन अक्षरं,
मी नकाशावरही न पाहिलेल्या गावांत.
राष्ट्रगीत तिने मनगटपट्टीच्या आत लिहून ठेवलं होतं, रशियन लिपीत.
तिसऱ्या ओळीला ओठ अडखळायचे.
मी टीव्हीजवळ जाऊन बघायचो.

सांघिक सामना मॉस्कोत पडला.
तिने गुण घेतला की सभागृह गप्प.
कुणीतरी ओरडलं, "कितीला गेलीस?"
बाप सातव्या रांगेत, मांडीवर हातमोजे, हातात कुठलाच झेंडा नाही.
दुसऱ्या सेटमध्ये, पाच-सहावर, त्या शांततेत
तो एकटाच ओरडला:
"गुडघे!"
सवयीने. ती कुणाविरुद्ध खेळतेय, हे विसरून.
लोक हसले.
तिने गुडघे वाकवले.

जिंकली. आमच्या पेपरात "आपली वास्सा".
पुढच्या वर्षी चार स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरली
तर त्याच पेपरात, त्याच पानावर, "इझेव्स्कमध्ये जन्मलेली श्लिकोवा".

खांदा गेलाच. चोवीस म्हणू लागली, मग साडेबावीस.
मी म्हटलं, आतड्याची तार लावून बघ.
उभे सोळा आतड्याचे, आडवे एकोणीस प्लास्टिकचे.
"कुणाचं आतडं?"
गाईचं. हाताला सोसतं म्हणून महाग.
"लवकर तुटतं म्हणतात."
तुटतं. पण आधी धागे सुटतात, केसासारखे.
ते दिसले की समजायचं.
तिने तारेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ.

बाप फेब्रुवारीत गेला.
विमानतळावर तिला परदेशी नागरिकांच्या रांगेत उभं केलं.
शिपायाने विचारलं, येण्याचं कारण?
हे तिने मला एकदाच सांगितलं, जिन्यात, उभ्याउभ्या,
आणि वर गेली.
त्या दिवशी मी एक रॅकेट दोनदा विणली.
पहिल्यांदा कुठे चुकलो, आठवत नाही.

आता ती मागच्या कोर्टवर पोरांना शिकवते.
सत्तावन्नच्या पुढे गेली नाही कधी.
उन्हाळ्यात खिडकी उघडी असते.
चेंडूंचे आवाज येतात, आणि मध्येच तिचा, कझाखमध्ये:
"तिझे! तिझे!"
गुडघे. गुडघे.
उच्चार अजून इझेव्स्कचाच.
पोरं तशीच नक्कल करतात,
आणि वाकतात.